थोरल्या पातीतले

लेक : आधी ते मशीन बंद करा, बाबा.

बाबा : एवढी काच होऊ दे. शाळेतल्या बाई संध्याकाळी न्यायला येणार आहेत. चष्म्याशिवाय त्यांना जिना दिसत नाही.

लेक : माझं लग्न मोडलंय. आजच सकाळी. आणि तुम्ही त्यांच्या घरून उठून थेट दुकानात येता आणि चष्म्याच्या काचा घासत बसता!

बाबा : काच हातात असली की डोक्यात दुसरं काही येत नाही.

लेक : माझ्या डोक्यात येतंय त्याचं काय करू?

बाबा : बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. माझ्या खुर्चीत बस.

लेक : मी बसायला आलेले नाही. एकच सांगा मला. त्याच्या आजोबांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, कुणातले. तुम्हाला नुसतं ‘माहीत नाही’ म्हणायचं होतं. काल मी तुम्हाला पढवून ठेवलं होतं की नाही?

बाबा : ठेवलं होतंस.

लेक : काय सांगितलं होतं?

बाबा : की दोघांचं आडनाव एकच आहे, त्याला त्यांची हरकत नाही. एका आडनावाची माणसं ढिगानं असतात. फक्त घराणं एक निघायला नको, नाहीतर तुम्ही बहीण-भाऊ ठराल. तेव्हा मूळ विचारलं तर म्हणायचं, ‘वडील पोरवयातच शहरात आले, आम्हाला मागचं काही ठाऊक नाही.’ आणि विषय बदलायचा.

लेक : वा! पाठ आहे की. मग तिथं काय झालं होतं? दातखीळ बसली होती? बसली असती तर बरं झालं असतं! मी आत त्याच्या आईबरोबर कपबशा भरत होते, आणि बाहेर तुमचा आवाज असा खणखणीत. ‘आम्ही थोरल्या पातीतले. परसात दगडी पायऱ्यांची विहीर, विहिरीशेजारी चिंच, मागच्या दाराला लोखंडी कडी.’ पोरानं शाळेत कविता म्हणावी तसं घडाघडा.

बाबा : तोंडातून निघून गेलं.

लेक : निघून गेलं? आणि ते आजोबा उठून तुमच्या गळ्यात पडले. ‘अहो, म्हणजे आपण भाऊबंद! एका रक्ताचे!’ रडायला लागले ते आनंदानं. आणि आत त्याच्या आईनं माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. नुसती काढून घेतली.

बाबा : पोरी...

लेक : मला आयुष्यात एकदाही सांगितलं नाहीत हे विहिरीचं आणि चिंचेचं. शाळेत असताना विचारलं होतं, आपल्या आडनावाचा अर्थ काय, तर म्हणालात, ‘अर्थ काय असायचा, आडनाव आहे.’ आणि आज नेमकं त्यांच्यापुढे तुम्हाला सगळं घराणं आठवलं?

आई : अर्ध्या शटरखालून वाकून यायचं वय राहिलंय का माझं? एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण लावा.

लेक : आई, तू तरी विचार यांना.

आई : विचारायचं काय? घरी येतील, बोलू, म्हणून मी घरात वाट बघत बसलेय, आणि हे इथं. तूही इथंच असणार हे ठाऊक होतं मला. अहो, पोरीला सांगितलंत का?

बाबा : नाही.

आई : मग आता सांगा. जे वाचवायचं म्हणून गप्प बसलो होतो, ते तर बुडालंच.

लेक : काय सांगायचंय?

बाबा : ते आपलं घराणं नाही.

लेक : म्हणजे?

बाबा : आपण त्या घरातले नाही. थोरल्या पातीतले नाही आणि धाकट्यातलेही नाही. ते आडनावच आपलं नाही. तुझ्या आजोबांनी घेतलेलं आहे.

लेक : घेतलेलं? म्हणजे... एक मिनिट. म्हणजे आमचं रक्त एक नाही?

आई : नाही.

लेक : मी त्याची बहीणबिहीण कुणी नाही?

आई : नाही ग बाई. लांबूनसुद्धा नाही.

लेक : मग प्रश्नच मिटला! अहो, मग रडताय काय दोघं? चला आत्ताच्या आत्ता. जाऊन सांगू, बाबांचा घोळ झाला, आम्ही त्यातले नाहीच. त्याचे आजोबा फार तर रागावतील दोन दिवस. आई, ऊठ ना!

आई : तू खाली बस.

लेक : बाबा, बोला की!

बाबा : जाऊ. जाऊन सांगू, आम्ही त्यातले नाही. मग ते पुढचं विचारतील.

लेक : काय?

बाबा : मग कुणातले?

लेक : असू दे की कुणातले. सांगायचं जे असेल ते.

बाबा : तुझे आजोबा त्या घराच्या परसात राख उचलायला जायचे. त्यांचे वडीलही. त्यांच्या आधीचेही. चुलींची राख, बंबाची राख. घरात मेलेला उंदीर, मांजर, तेही तेच बाहेर टाकायचे. आणि त्या घरातलं माणूस गेलं की चितेची जागा मागून साफ करायची, तीही यांनीच. आपल्या खऱ्या आडनावाचा अर्थ तोच आहे. राख उचलणारे.

लेक : विहीर, चिंच...

बाबा : परसातलं सगळं खरं आहे. मागच्या दाराची कडीसुद्धा खरी. आज त्याच्या आजोबांनी विचारलं ना, ‘माजघरातला तो मोठा आरसा आठवतो का हो, तुमचे वडील बोलले असतील त्याबद्दल?’ मला सांगता येईना. म्हटलं, विसरलो. काय सांगू? माझ्या बापानं ते घर आतून पाहिलंच नव्हतं.

आई : आणि तरी यांनी ते मला असं वर्णन करून सांगितलंय, की झोपेत नेऊन सोडलं तरी त्या परसात वाट चुकायची नाही मी.

लेक : पण माझ्या आजोबांनी त्यांचंच आडनाव का घेतलं? जगात दुसरं मिळालं नाही?

बाबा : पोरगेला होता तो तेव्हा. शहरात आला, भिंगांच्या कारखान्यात भरती होती. फाटकाशी रांग. मुकादम एकेकाला आडनाव विचारायचा आणि त्यावरून ठरवायचा, कुणाला कुठं धाडायचं. याच्या पुढच्या माणसानं आपलं खरं सांगितलं. मुकादमानं त्याला मागच्या बाजूला पाठवलं, गटारावर. मग याची पाळी. आपलं तर तोंडात आलेलंच होतं त्याच्या. गिळलं. त्यानं जन्मात एकच आडनाव आदरानं घेतलेलं ऐकलं होतं, ते सांगून टाकलं.

आई : आणि मुकादमानं त्यांना सावलीत बसवलं. भिंगं घासायच्या बाकावर.

बाबा : हे दुकान त्यातून आलं. तुझं शिक्षण त्यातून आलं. तू जेवलीस ते प्रत्येक जेवण त्यातून आलं.

लेक : असं नका हो बोलू. मी काय त्यांच्यावर रागावलेय? मी असते तर मीही तेच केलं असतं. मी तुम्हाला विचारतेय. आज. आज कशाला म्हणायचं ते?

बाबा : तुला नाही कळायचं.

लेक : समजावून सांगा, मग कळेल.

बाबा : मी ताटावर बसलो की बाप विचारायचा. ‘कुणातले तुम्ही?’ मी म्हणायचो, थोरल्या पातीतले. ‘परसात काय?’ विहीर. ‘विहिरीला काय?’ दगडी पायऱ्या. चुकलं तर ताट मागे ओढायचा. मारायचा नाही, फक्त ताट ओढून धरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायचा. त्याला रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारणार. शाळेत विचारतील, बसमध्ये विचारतील, दवाखान्यात विचारतील. आणि हे पोर चाचरलं की संपलं सगळं. मी इतकं पाठ केलं, इतकं पाठ केलं, की मला ती चिंच स्वप्नात दिसायची. आणि जन्मभर कुणी विचारलंच नाही ग. एकानंही नाही. आडनाव ऐकायचे आणि मान डोलवायचे, पुढं कुणाला पडलेलं नसायचं. आज पहिल्यांदा एक पांढऱ्या केसांचा माणूस समोर बसला, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, ‘कुणातले तुम्ही?’

लेक : आणि तुम्ही...

बाबा : तू सांगितलेलं सगळं पुसलं गेलं. तू, तुझं लग्न, काही आठवेना. एवढंच कळलं की चाचरायचं नाही. सगळं म्हणून झालं, एक शब्द चुकला नाही, आणि एक क्षण मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं, बापा, बघ, चुकलो नाही. मग ते गळ्यात पडले आणि मी काय करून बसलोय ते मला कळलं.

आई : मी शेजारी होते. चिमटा काढला मांडीला. वळ उठला असेल, बघा घरी गेल्यावर.

लेक : मला का नाही सांगितलंत? एवढं एक तरी मला सांगायचंत. मी त्यांच्या घरी तुम्हाला नेलंच नसतं. आधी मीच बोलले असते त्याच्याशी.

आई : ते माझं. यांच्यावर नको ढकलूस. तू झालीस तेव्हाच मी म्हटलं होतं, या पोरीकडून काही पाठ करून घ्यायचं नाही. हिला ठाऊकच नसलं तर हिला भीती कसली? हिनं आपलं आडनाव बिनघोर सांगावं, तोंड भरून सांगावं. आणि तू सांगतही होतीस. मला ऐकायला बरं वाटायचं. तुझं ऐकून वाटायचं, आहेच बहुतेक आपलं.

लेक : आई, तुझं माहेरचं?

आई : तेही असंच. माझ्या आजोबांनी घेतलेलं. तुझे बाबा मला बघायला आले, त्यांनी आपलं आडनाव सांगितलं, आणि माझे वडील आत येऊन आईला म्हणाले, ‘आपल्यातलाच आहे, बिनधास्त दे.’ का माहितीये? ज्याचं बापजाद्यांचं असतं तो आडनाव अर्धं खातो, घाईत काहीतरी पुटपुटतो. यांनी अक्षर अन् अक्षर असं सुटं करून सांगितलं, की जणू रेडिओवर बातम्या देतायत. बायकांचं काय, एक आडनाव माहेरी ठेवायचं आणि दुसरं घ्यायचं. मी ठेवलं तेही उसनं आणि घेतलं तेही उसनं. हस की, मी गंमत केली.

लेक : नाही येत हसू.

आई : मलाही नाही येत.

लेक : मला ते सांगा. आपलं खरं. कसं म्हणतात?

बाबा : नको.

लेक : अहो, माझं आहे ते! मी ऐकलंसुद्धा नाही अजून.

बाबा : माझ्या तोंडून निघणार नाही. बापाला शेवटच्या दुखण्यात एकदा विचारलं होतं, तर त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

आई : इकडे ये. तुझ्या आजीनं सांगितलं होतं मला. कान कर. ... कळलं?

लेक : पुन्हा सांग. ... एवढंच? केवढंसं आहे ग. ऐकायला गोड आहे की.

बाबा : तुझी आई म्हणते तसं गोड आहे. गावात तसं नाही म्हणायचे. शेवटचं अक्षर तोडायचे आणि उरलेलं लांबवायचे, कुत्र्याला हाक मारतात तसं. लांबूनच. उत्तर द्यायचं नसायचं, यायचं असायचं.

लेक : माझ्याबरोबर शिकायला एकजण होता, त्याच्या आडनावात दहा तोंडं. एकाच्या घराण्यानं म्हणे कुठंतरी आग लावलेली. एकीच्या पूर्वजाला एकच बोट होतं. आम्ही चिडवायचो, तीही हसायची. कुणी लपवत नव्हतं. मग राखेनंच काय घोडं मारलंय?

बाबा : आग लावली तरी चालते. तिची राख उचललेली चालत नाही.

लेक : तो तसा नाही, बाबा.

बाबा : कोण?

लेक : तो. तुम्ही त्याला कुठं ओळखता? आम्ही भेटलो तेच आडनावामुळं. मुलाखतीला बसलो होतो, आतून आडनाव पुकारलं आणि दोघं एकदम उठलो. त्यानं मला पुढं जाऊ दिलं. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘तुम्हाला लग्नानंतर काही बदलावं लागणार नाही, बरं आहे,’ आणि स्वतःच लाजला. तो घराण्याबिराण्याचं काही मानत नाही. मी सांगते त्याला.

बाबा : नको. पाया पडतो तुझ्या. नको सांगूस.

लेक : का पण?

बाबा : तू आत होतीस. पुढचं तू ऐकलं नाहीस.

लेक : पुढचं काय?

बाबा : गळ्यात पडून झालं, डोळे पुसून झाले. मग आजोबा माझ्या शेजारी सरकले, माझा हात हातात धरून. म्हणाले, ‘आता घरचेच निघालात म्हणून एक गंमत सांगतो. आमच्या परसात राख उचलायला यायचा एक, त्याचा पोरगा माझ्याच वयाचा. तो शहरात गेला आणि ऐकतो तर काय, आपलंच आडनाव लावतोय. वडील जाईपर्यंत जळफळायचे. म्हणायचे, भांडीकुंडी नेली असती तरी चाललं असतं, मेल्यानं नाव नेलं.’

लेक : असं म्हणाले?

बाबा : तो पोरगा कुठंही सापडला असता तर आम्ही त्याला सोडला नसता, असंही म्हणाले. माझा हात हातात होता तेव्हा.

लेक : आणि तुम्ही?

बाबा : हसलो.

लेक : बाबा!

बाबा : सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

लेक : तो होता तिथं?

आई : होता.

लेक : तोही हसला?

आई : माझं लक्ष नव्हतं.

लेक : आई, खरं सांग.

आई : थोडंसं. आजोबा बोलले म्हणून हसतात तसं. त्यात त्याचं काय मनात असणार? त्याला बिचाऱ्याला तेव्हा लग्न मोडल्याचंच दुःख होतं.

लेक : बरोबर आहे. मलाही कुणी सांगितली असती ही गोष्ट काल, तर मीही हसलेच असते.

बाबा : मग नको ना करूस फोन. भावकी निघाली म्हणून मोडलं, यात तुझी काही बेअब्रू नाही. लोक हळहळतील. दुसरं स्थळ येईल. हे एकदा बाहेर गेलं की परत आत घेता येत नाही. बापानं जन्म घातला यापायी.

लेक : आणि मी काय घालू? त्याला असं वाटत राहू दे की मी त्याची बहीण? रस्त्यात भेटला तर ताई म्हणू दे? मला तो हवाय, बाबा. दुसरं स्थळ नकोय मला. मला जन्मात दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं नाही आणि तुम्ही मला दुसरं स्थळ काय सांगताय?

बाबा : अगं, ऐक...

आई : करू द्या तिला.

बाबा : तू पण?

आई : आपण दोघांनी गप्प बसून पाहिलं. काय राहिलं हातात? कर ग. त्याला एकट्याला सांग. बघू तरी.

(ती फोन लावते. पलीकडचं काही ऐकू येत नाही.)

लेक : हॅलो... हो, मीच. ... नाही, आता नाही रडत. तू आधी ऐक. आपण एका घराण्यातले नाही. ... हो, बाबा म्हणाले होते, पण ते खरं नव्हतं. ... नाही रे, शपथ. ... हो ना! मीही अशीच उडाले. पण थांब, पुढचं ऐक. ... ऐक ना. सकाळी आजोबांनी एक गोष्ट सांगितली ना, तुमच्या परसात राख उचलायला यायचा त्याची? त्याच्या पोराची? ... हां, तीच. ... तो पोरगा म्हणजे माझे आजोबा. ... हॅलो? ... आहेस ना? ... हो. ... मलाही आत्ताच कळलं. ... हो, इथंच आहेत दोघं. ... घरच्यांचं राहू दे, ते नंतर बघू. तुझं सांग. तुला काय वाटतं? ... हं. ... नाही, बोल, ऐकतेय मी. ... हं. ... हो, आजोबांना धक्का बसेल, कळतंय मला. ... नाही. नाही रे, मी कशाला रागावू? ... बरं. ... तू पण जेवून घे.

आई : काय म्हणाला?

लेक : त्याला फार वाईट वाटलं.

आई : ते झालं. पुढं?

लेक : म्हणाला, तू तीच आहेस, माझ्यासाठी काही बदललेलं नाही.

बाबा : असं म्हणाला? मग?

लेक : मग म्हणाला, पण आता भावकी म्हणून मोडलंच आहे, तर ते तसंच राहू दे. तेच सगळ्यांना बरं पडेल. तुमचीही अब्रू राहील.

आई : अग माझे बाई...

लेक : बाबा, तुम्ही ती काच पूर्ण करा. बाई येतील.

बाबा : आणखी काही म्हणाला का तो?

लेक : हो. चांगला आहे हो तो. म्हणाला, बाबांना सांग, काळजी करू नका. मी कुणाला सांगणार नाही.